३० एप्रिल, मुलांसाठी जाझ: हॉल नक्की झाला का?

जोशी काका, ए-५०१: नमस्कार. लिफ्टमध्ये "मुलांसाठी जाझ" असं पत्रक लागलंय. हे कधी ठरलं? हॉलचं लाइटबिल कोणाच्या खात्यातून?

वृषाली, सी-२०३: सुप्रभात काका. मागच्या मीटिंगमध्ये विषय झाला, तुम्ही तेव्हा लवकर निघाला होतात. ३० एप्रिल हा युनेस्कोने २०११ मध्ये ठरवलेला आंतरराष्ट्रीय जाझ दिवस, म्हणून ती तारीख. संध्याकाळी ५ ते ६:३०. सॅक्सोफोन, पियानो, डबल बास (माणसाएवढं उंच तंतुवाद्य), ड्रम, असे चौघं येणार आहेत.

मिलिंद, बी-१०४: डबल बास आपल्या लिफ्टमध्ये मावेल का? 😄

सुनंदा काकू, बी-३०२: आधी बी विंगची लिफ्ट चालू होऊ दे! गणपतीपासून बंद आहे. माझे गुडघे विचारतायत.

सेक्रेटरी: लिफ्टवाल्याला फोन केलाय. कृपया विषयावर राहावे.

सुनंदा काकू, बी-३०२: फोन तर दिवाळीतही केला होता.

जोशी काका, ए-५०१: लाइटबिल कोणाच्या खात्यातून?

स्नेहल, ए-१०१: वृषालीताई, माझी काळजी वेगळी आहे. सासूबाईंची खोली हॉलला लागून आहे, ऑपरेशन नुकतंच झालंय. ड्रम सहन होणार नाहीत त्यांना.

वृषाली, सी-२०३: स्नेहल, बरं झालं विचारलंस. माइक, स्पीकर काहीही लावणार नाही. ड्रमवाले काठ्यांऐवजी तारेचे ब्रश वापरतील, त्याचा आवाज सळसळीसारखा येतो. शिवाय ५ च्या आधी येऊन मी आईंच्या खोलीत बसून ऐकून बघते. त्रास वाटला तर ड्रम बंद ठेवायचे, असं त्यांना आधीच सांगितलंय.

स्नेहल, ए-१०१: मग ठीक आहे. थँक्यू ताई.

रानडे आजोबा, ए-२०१: माझं मत स्पष्ट सांगतो, राग मानू नये. ज्या बडोद्याच्या दरबारात फैयाज खाँसाहेब गायले, तिथल्या मुलांना आधी यमन, भूप ऐकवा. परदेशी गोंगाट कशाला?

मिलिंद, बी-१०४: आजोबा 👏👏

वृषाली, सी-२०३: आजोबा, राग कसला! पण याच बडोद्यात सयाजीरावांच्या काळात, १८८६ मध्ये, मौलाबक्षांनी गायनशाळा काढली, सगळ्यांच्या मुलांना संगीत यावं म्हणून. त्यांचे नातू इनायत खाँ इथेच जन्मले आणि १९१० मध्ये आपलं संगीत घेऊन अमेरिकेला गेले. तिथल्या लोकांनी कान दिला. आता तिकडचं आपल्या मुलांनी ऐकलं तर यमन कुठे जातो?

आणि गोंगाट नाही हो. ब्लूज म्हणजे जाझच्या मुळाशी असलेला गाण्याचा प्रकार. त्याचा साधा आराखडा बारा 'बार'चा, म्हणजे बारा विभागांचा, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. ते फिरून फिरून येतं आणि त्यावर वादक त्या क्षणी सुचेल ते रचतो. आलाप-तानांवर वाढलेल्या माणसाला हे परकं वाटू नये. मुलं टाळ्या धरणार, पण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेवर टाळी द्यायची सवय असलेली पोरं आधी गडबडतात, मग आतल्या आत मोजायला लागतात. मला तो क्षण त्यांना द्यायचा आहे. पुढे सॅक्सोफोनवाले छोटा तुकडा वाजवतील आणि मुलं तोंडाने उत्तर देतील, ज्याला जे सुचेल ते. शाळेत उत्तर एकच असतं, इथे प्रत्येकाचं वेगळं असलं तरच मजा.

पटेलभाई, सी-४०१: बहु सरस! अमारा बन्ने छोकरा आवशे 🎷

कुलकर्णी वहिनी, बी-२०३: सात वर्षांची मुलं दीड तास बसतात का गं? शिवाय सुट्टीत अबॅकस चालू आहे आमच्याकडे.

वृषाली, सी-२०३: नुसतं बसवलं तर नाहीच बसत वहिनी. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे लेनर्ड बर्नस्टाइन १९५८ पासून मुलांसाठी मैफिली करायचे, टीव्हीवरही दाखवायचे. ते मुलांशी बोलायचे, वाजवून समजावायचे. १९६४ मध्ये त्यातली एक खास जाझवर होती. आपणही मध्येच थांबणार, वाद्य जवळून बघू देणार, प्रश्न घेणार.

जोशी काका, ए-५०१: माझा प्रश्न अजून तसाच आहे. लाइटबिल?

वृषाली, सी-२०३: काका, लाइटबिल आणि मानधन आम्ही आठ घरं मिळून देतोय. सोसायटीचा एक रुपयाही नाही. नवरात्रात हॉल दहा दिवस चालू असतो, तेव्हा मात्र हा प्रश्न कधी वाचला नाही.

जोशी काका, ए-५०१: नवरात्राचा विषय इथे आणू नये. मी नियम विचारतोय.

पटेलभाई, सी-४०१: गरबाने वच्चे ना लावो 🙏

सेक्रेटरी: हॉल ३० तारखेला मंजूर. लाइटबिलाची पावती वृषालीताईंच्या नावे होईल. हा विषय बंद.

सुनंदा काकू, बी-३०२: आणि लिफ्ट?

रानडे आजोबा, ए-२०१: वृषाली, एक अट. सुरुवातीला मिलिंदची मुलगी यमनची बंदिश म्हणेल. तीन वर्षं माझ्याकडे शिकतेय.

वृषाली, सी-२०३: आजोबा, याहून चांगलं काय! तिने स्थायी म्हणायची आणि सॅक्सोफोनने त्यातला एक तुकडा उचलून उत्तर द्यायचं. मुलांना दोन्ही एकदम कळेल.

मिलिंद, बी-१०४: ती आत्ताच रियाजाला बसली 😀

रानडे आजोबा, ए-२०१: तिची पट्टी काळी चार आहे. वादकाला आधी कळवा, ऐनवेळी पट्टी शोधत बसू नये.

वृषाली, सी-२०३: लगेच फोन करते. परवा त्यांना तुमच्याकडेच घेऊन येऊ का, चहाला?

रानडे आजोबा, ए-२०१: चारनंतर या. तानपुरा लावून ठेवतो.