बार्बरा कॉमिन्सचा भाबडा स्वर: जाणीवपूर्वक निवड की मर्यादा?

मूळ मांडणी:
बार्बरा कॉमिन्स (१९०७–१९९२) या इंग्रज लेखिकेच्या कादंबऱ्या पुन्हा छापल्या जात आहेत, आणि माझ्या मते याला फार उशीर झाला; ही लेखिका उपेक्षितच राहिली. ‘हू वॉज चेंज्ड अँड हू वॉज डेड’ (१९५४) पुराने सुरू होते; बदके खिडकीतून दिवाणखान्यात पोहत येतात, आणि पुढे अर्गट ही बुरशी पावात आल्यामुळे गावातली माणसे भ्रमिष्ट होऊन मरू लागतात. हे सारे लेखिका इतक्या शांतपणे सांगते की भयाचा सगळा भार वाचणाऱ्यावर येतो. एवढा संयम नकळत साधत नाही.

विरोधी मत:
मला हे पटत नाही. ज्या लेखिकेच्या पाठीशी प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन उभे राहिले आणि जिची पुस्तके विरागो प्रकाशनाने १९८०च्या दशकात पुन्हा काढली, तिला सरसकट उपेक्षित म्हणणे अतिशयोक्त आहे. शिवाय तिच्या निवेदिका एकसारख्याच भाबड्या वाटतात. ‘द व्हेट्स डॉटर’मध्ये (१९५९) क्रूर बापाच्या घरात पिचलेली अ‍ॅलिस अधांतरी तरंगू लागते, तेव्हा त्या क्रौर्याचा जाब विचारण्याऐवजी कादंबरी चमत्कारात पळ काढते.

मूळ लेखकाचे उत्तर:
तो पळ असता तर अ‍ॅलिस सुटली असती. प्रत्यक्षात बापाला तिच्या तरंगण्यातही पैसाच दिसतो, तो लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमनच्या मैदानावर तिचे प्रदर्शन मांडतो आणि तिथल्या चेंगराचेंगरीत तिचा जीव जातो. मुलीची शक्तीसुद्धा बापाच्याच मालकीची ठरते, याहून कठोर जाब कोणता? ‘अवर स्पून्स केम फ्रॉम वुलवर्थ्स’मध्ये (१९५०) तर चमत्कार नाहीच; तिथे गरिबी आहे, आणि रुग्णालयातल्या बाळंतपणात निवेदिका सोफियाला मिळणारी अपमानास्पद वागणूक आहे, जी ती कसलाही आव न आणता सांगते.

आणखी एक प्रतिसाद:
सोफियाविषयी मी सहमत आहे, पण भाबडेपणाचा आरोप निराधार नाही. त्याचे मूळ मात्र वेगळे आहे. ‘सिस्टर्स बाय अ रिव्हर’ (१९४७) हे पहिले पुस्तक प्रकाशकाने लेखिकेच्या शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम तशाच ठेवून बाजारात आणले. तेव्हापासून अशिक्षित, निरागस बाई अशी जी प्रतिमा तिला चिकटली, तिच्यामुळे समीक्षकांना तिच्या रचनेकडे गांभीर्याने पाहण्याची गरजच वाटली नाही. पुस्तके मिळत असूनही लेखक दुर्लक्षित राहू शकतो, तो असा.