प्राण्याचं बरं चाललंय की नाही, हे ओळखायचं कसं? (सल्ला हवा)

सायली_उन्हात: गेले चार महिने दर रविवारी एका प्राणी-निवाऱ्यात मदतीला जाते. तिथला एक तपकिरी कुत्रा पिंजऱ्यात सारखा गोल फिरतो. कोपऱ्यात आला की मान वर झटकतो, की पुन्हा फेरी. शेजारची पांढरी कुत्री मात्र पाय पोटाशी घेऊन गप पडलेली असते. 'गुणी आहे बिचारी' असं सगळे म्हणतात. मला तपकिरीचं वाईट वाटतं, पण माझ्या वाटण्यावर किती विसंबायचं? कॉर्टिसॉल (ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक) तपासून काही कळेल का? जीवशास्त्र शाळेनंतर सुटलंय, तेव्हा सुरुवात कुठून करू तेही सांगा.

पारवा७: कॉर्टिसॉलच्या नादी लागू नका. ते भीतीने वाढतं तसं समागमानेही वाढतं, आणि रक्त घ्यायला धरून ठेवलं तरी वाढतं! त्यापेक्षा प्राणी-वर्तनाच्या अभ्यासक मेरियन डॉकिन्स यांचे दोन प्रश्न धरून चला: प्राणी निरोगी आहे का, आणि त्याला हवं ते मिळतंय का? दुसऱ्याचं उत्तर आपण ठरवायचं नाही. ब्रिटनमध्ये पाळीव पशुपक्ष्यांना कसं ठेवतात हे तपासणाऱ्या १९६५ च्या ब्रँबेल समितीला वाटलं, बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबड्यांच्या पायांना त्रासाची होत असणार. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांपुढेच पर्याय ठेवले, तर बाई त्याच जाळीवर जाऊन उभ्या!

कंदील: +१, पण निवडीवरही डोळे मिटून विश्वास नको. मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांच्या कामातून दिसतं की मेंदूत 'हवं असणं' आणि 'आवडणं' या वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूतलं डोपामिन (हवंसं वाटायला लावणारं रसायन) जवळजवळ संपवलेले उंदीर अन्नाकडे जातच नाहीत, पण जिभेवर साखरपाणी सोडलं की मिटक्या मारतात. म्हणजे धडपड दिसली नाही म्हणून आवड नाही असं नाही, आणि उलटही.

मूड कळायला वाटीचा प्रयोग करा. भरलेली वाटी नेहमी डावीकडे, रिकामी नेहमी उजवीकडे. फरक पक्का कळला की एखादी वाटी मधोमध ठेवायची आणि कुत्रा किती वेगाने जातो ते बघायचं. मनाने खचलेला प्राणी रिकामीच असणार असं धरून रेंगाळतो. मूळ कल्पना २००४ ची, हार्डिंग, पॉल आणि मेंडल यांची, उंदरांवरची. तिथे वाटीऐवजी आवाज होते. रिकाम्या वाटीलाही खाणं चोळा हं, नाहीतर तो नाकानेच पेपर फोडेल. एका कुत्र्याच्या एका दिवसावरून निष्कर्ष मात्र काढू नका.

भुरकट: सायली, तो नेहमी एकाच बाजूला फिरतो का? तसं असेल तर आधी पशुवैद्यांना दाखवा. कानाच्या किंवा मेंदूच्या आजारातही असं होतं. मानसशास्त्र नंतर.

तसं काही नसेल, तर ही साचेबद्ध हालचाल. मेंदूत एखादी कृती थांबवण्याचं काम करणारी मंडलं, बेसल गँग्लिया या मेंदूच्या आतल्या भागातली, ढिली पडण्याशी तिचा संबंध लावतात. एकदा मुरली की पिंजरा सुधारला तरी राहू शकते. म्हणजे तुम्हाला दिसतंय ते आजचं दुःख असेल किंवा जुन्या दुःखाचा वण.

मला काळजी पांढरीची वाटते. प्राणी-वर्तनाच्या अभ्यासक जॉर्जिया मेसन यांनी बरंच लिहिलंय की वाईट जागेत फेऱ्या मारणारे प्राणी कधीकधी न मारणाऱ्यांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतात. गप पडलेल्याकडे कुणी बघत नाही, कारण त्याचा त्रास आपल्याला होत नाही. ती खाते का, दार वाजलं की मान वळवते का, एवढं तरी लिहून ठेवा.

पारवा७: @भुरकट, मान्य. पांढरी माझ्या नजरेतून सुटलीच होती.

(अवांतर: उंदरांना गुदगुल्या केल्या तर ते सुमारे ५० किलोहर्ट्झला चिवचिवतात. आपल्याला ऐकूच येत नाही. यावर काम केलेले मेंदूचे अभ्यासक जाक पँकसेप यांना शोधा, दिवस छान जाईल.)

सायली_उन्हात: सगळ्यांचे आभार. तपकिरी दोन्ही बाजूंनी फिरतो, डॉक्टरांनी कानही तपासले, ठीक आहेत. काल वही घेऊन पांढरीसमोर अर्धा तास बसले. दार तीनदा वाजलं. एकदाच कान हलला, डोकं जमिनीवरच. वाटी पुढे सरकवली तरी उठली नाही. वाटीचा प्रयोग तिच्यापासून सुरू करायचा म्हटलं, तर ती आधी वाटीपर्यंत यायला हवी ना! तिला बाहेर कसं काढू?

भुरकट: काढू नका. दार उघडं ठेवून तिच्याकडे पाठ करून बसा, आणि किती वेळाने येते ते लिहा.