मदत हवी आहे: बायोसची चिप बदलली तर जुन्या पीसीला पूर्ण रॅम दिसेल का?

छापखानावाला
मंडळी, अर्जंट आहे. गिरगावात घरी बाबांचा १९९९ चा असेंबल्ड पीसी आहे. २५६ एमबीची रॅम लावली तर १२८ च दाखवतो. ८० जीबीची हार्डडिस्क लावली तर सुरू होतानाच अडकून बसतो. लॅमिंग्टन रोडला एकाने सांगितलं, बायोसची चिप (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम जिच्यात असतो ती) जुनी आहे, नवी टाका, दोन्ही प्रश्न सुटतील. खरं आहे का? शनिवारपर्यंत मशीन चालू हवंय. कृपया कुणी "नवा घ्या" म्हणू नका.

खवट आजोबा
नवा घ्या.

सोल्डरशास्त्री
मदरबोर्ड कोणता? चिपसेट (प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग जोडणाऱ्या चिपा) कोणता? रॅमच्या पट्टीवर काळ्या चिपा किती, ८ की १६? विंडोज कोणतं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणून चालत नाही, कुठे ते दाखवावं लागतं.

छापखानावाला
मदरबोर्डवर नाव दिसत नाही, धूळ आहे. प्रोसेसर व्हिडिओ कॅसेटसारखा उभा खोचलेला. विंडोज ९८. चिप बदलू की नको एवढंच सांगा ना.

८.१७ची फास्ट
जुन्या पीसीत ६४० केबीच्या वरची मेमरी अशीच अडते. कॉन्फिग.सिसमध्ये हायमेम.सिसची ओळ टाका, काम होईल. आमच्या क्लासमध्ये हेच शिकवलं होतं.

सोल्डरशास्त्री
@८.१७ची फास्ट, ती डॉसची गोष्ट. तेव्हाच्या ८०८८ प्रोसेसरला मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगायला वीसच तारा, म्हणजे एकूण १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी व्हिडिओ, कार्डं आणि बायोससाठी राखलेले, म्हणून खाली उरले ६४०. ह्यांचं मशीन पेंटियम टूच्या जमान्यातलं आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.

@छापखानावाला, मशीन चालू करा आणि रॅम मोजून झाली की लगेच पॉझ बटण दाबा. पडद्याच्या अगदी तळाशी तारखेने सुरू होणारी एक लांब ओळ असते. ती जशीच्या तशी इथे टाका.

छापखानावाला
पूर्ण लिहून घेतली नाही. तारीख १९९८ ची, मध्ये आय४४०बीएक्स, मग २ए६९के आणि पुढे काही अक्षरं. कंपनीचं नाव कुठेच नाही.

सोल्डरशास्त्री
झालं की काम. २ए६९के म्हणजे अवॉर्ड बायोस, इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट. त्यापुढची दोन अक्षरं बोर्ड बनवणाऱ्याची असतात, नेमकी तीच तुम्ही गाळलीत. असो.

तुमचे दोन प्रश्न वेगळे आहेत. डिस्क अडकते ती बायोसमुळे. त्या काळच्या बऱ्याच अवॉर्ड बायोसना ३३.८ जीबीच्या पुढचा हिशेबच येत नाही (६५,५३६ सिलिंडर × १६ हेड × ६३ सेक्टर × ५१२ बाइट), मोठी डिस्क शोधतानाच ते गारठतात. नव्या बायोसने हे सुटू शकतं.

रॅमचं मात्र चिपसेटवर आहे. बीएक्सला १२८ मेगाबिटपर्यंतच्या चिपा कळतात (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी). २५६ एमबीच्या पट्टीवर अशा १६ असतील तर पूर्ण रॅम दिसते. ८ च असतील तर प्रत्येक चिप २५६ मेगाबिटची, आणि तिचा अर्धा भाग बीएक्सला गाठताच येत नाही. टॉवर चोवीस मजल्यांचा बांधला, पण लिफ्टमध्ये बटणं बारापर्यंतच. आता वॉचमन बदलून काय होणार?

बिटबाबा
असहमत. माझ्या बोर्डावर बायोस अपडेट केल्यावर रॅम दुप्पट दिसायला लागली होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

सोल्डरशास्त्री
कोणता बोर्ड? कोणत्या पट्ट्या?

बिटबाबा
वीस वर्षं झाली, आता कोण लक्षात ठेवतो? पण झालं होतं.

सोल्डरशास्त्री
बायोस मेमरीची मोजणी चुकवत असेल तर अपडेटने ती सुधारते, मान्य. पण चिपसेटमधल्या मेमरी कंट्रोलरला जो पत्ता लिहिताच येत नाही तो चिपेत प्रोग्रॅम भरून कुठून येणार?

निवांत
लिनक्स टाका. मेमरीचा प्रश्नच मिटेल.

माहीमची मेघा
धाग्याचं काश्मीर (न संपणारं भांडण) करू नका. छापखानावाले, पट्टीवर चिपा किती ते अजून सांगितलं नाहीत.

छापखानावाला
८. एकाच बाजूला. अशा दोन पट्ट्या घेतल्यात. आणि खरं सांगायचं तर ती नवी बायोस चिप मी कालच घेतली आणि लावूनही पाहिली. काळा पडदा, बीपसुद्धा नाही. मग जुनी परत लावली तर तीही चालेना. बाबा समोर बसलेत, काही बोलत नाहीत, हे जास्त भयंकर आहे.

सोल्डरशास्त्री
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं हो! बायोस त्या-त्या बोर्डाचा असतो. नुसतं "बीएक्सची चिप" म्हणून दुसऱ्या बोर्डाची चालत नाही.

वायर सॉकेटमधून काढा. जुनी चिप, जिच्यावर "पीसीआय/पीएनपी ६८६" असा चकचकीत स्टिकर असेल ती, पुन्हा बाहेर काढा. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचलत, एका बाजूने उपटू नका. आधी खाच कुठल्या बाजूला होती ते पाहा, मग चिप आडवी धरून पाय मोजा. एका बाजूला १६, दोन्ही मिळून ३२.

बिटबाबा
त्यापेक्षा हॉट स्वॅप करा. दुसरा बीएक्स बोर्ड चालू करायचा, चालू असतानाच त्याची चिप काढून ही लावायची आणि फ्लॅश मारायचा, म्हणजे तिच्यात बायोस नव्याने लिहायचा. १९९९ साली २६ एप्रिलला सीआयएच व्हायरसने बायोस पुसले तेव्हा मी असे चार बोर्ड जिवंत केले होते.

सोल्डरशास्त्री
ह्यांच्या चिपेतला मजकूर पुसलेलाच नाही, तर फ्लॅश कशाला? आणि ज्याला चिप सरळ बसवता आली नाही त्याला चालू करंटात चिप काढायला सांगताय. धन्य आहात.

खवट आजोबा
अवांतर: तो व्हायरस बायोस मुख्यतः ४३०टीएक्स चिपसेटच्या बोर्डांवरच पुसू शकायचा. बाकीच्यांची फक्त हार्डडिस्क जायची. माझी गेली होती.

छापखानावाला
एका बाजूला १५ च दिसले! कोपऱ्यातला पाय पोटाखाली दुमडून गेला होता, वरून अजिबात कळत नव्हतं. आईच्या भुवया कोरायच्या चिमट्याने हळूहळू सरळ केला, तुटेल म्हणून श्वास रोखून. लावली. बीप आली! जुन्या ६४ एमबीच्या पट्टीवर ६५५३६ केबी मोजून विंडोज उघडलं. बाबा उठून चहा टाकायला गेले.

माहीमची मेघा
अभिनंदन. आता मुळात करायचंय काय ते सांगा. ८० जीबी कशाला?

छापखानावाला
बाबांचा छापखाना होता. एका गणेश मंडळाला त्यांच्या २००२ च्या अहवालाची फाइल हवीय, पेजमेकर ६.५ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) मधली. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (किल्लीसारखं छोटं यंत्र) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतं, त्याशिवाय अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून हेच मशीन हवं. ६४ एमबीत फोटोंची पानं उघडली की गोगलगाय. मोठी डिस्क म्हटलं जागा असावी.

माहीमची मेघा
मग डिस्क राहू द्या. जुन्या डिस्कमधली ही एकच फाइल काढायची आहे, जागा पुरेल. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान समजावणारी भाषा) प्रिंट "फाइलवर" काढा, फॉन्ट आत भरायचा पर्याय निवडून. ती .पीएस फाइल नव्या लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमने पीडीएफ करा. अक्षरं जशीच्या तशी येतात, डोंगल नको. आधी एक पान करून बघा. आणि पहिलं काम: जुनी डिस्क यूएसबीच्या आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) अडॅप्टरला लावून अख्खी कॉपी करून ठेवा. पंचवीस वर्षांची डिस्क आहे, बायोसपेक्षा तिची काळजी करा.

निवांत
जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. अहवाल युनिकोडमध्ये करून टाका, शोधताही येईल.

छापखानावाला
@निवांत, मंडळाला जसाच्या तसा हवाय, चुकांसकट. रॅमचं काय करू?

सोल्डरशास्त्री
दुकानदाराला पट्ट्या परत द्या आणि १६ चिपावाल्या दोन मागा. पीसी१३३ म्हणजे जरा जलद जातीची असली तरी चालते. ५१२ च्या पुढे मात्र जाऊ नका. त्यावर विंडोज ९८ स्वतःच कॅशेसाठी (फाइली तात्पुरत्या हाताशी ठेवायला) इतका पत्ता अडवून ठेवतं की "मेमरी अपुरी" म्हणून रडतं. मग सिस्टिम.आयएनआय फाइलमध्ये मॅक्सफाइलकॅश ही त्या कॅशेची मर्यादा बांधावी लागते.

बिटबाबा
७६८ वर चालतं, मी चालवलंय.

सोल्डरशास्त्री
मॅक्सफाइलकॅश लावून?

बिटबाबा
आता कोण लक्षात ठेवतो?

छापखानावाला
शनिवार, रात्री ११. अपडेट. दुकानदाराने रॅम कुरकुरत बदलून दिली, बायोस चिप परत घेतली नाही. दोन्ही पट्ट्या लावल्या, पडद्यावरचा आकडा ५२४२८८ केबीवर, म्हणजे पूर्ण ५१२ एमबीवर थांबला. डिस्कची कॉपी झाली. पीडीएफ झाली, जोडाक्षरं शाबूत. पान १४ वर अध्यक्षांच्या आडनावात वेलांटी चुकलीय, बाबा म्हणाले तेव्हाही ह्याच्यावरून भांडण झालं होतं. मेघा, शास्त्री, दंडवत.

८० जीबीची डिस्क न वापरलेली पडून आहे, कुणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खवट आजोबा
कितीला?