मायकोसिस फंगॉइडिस: सहा वर्षांनी निदान झाले, आता पुढे काय?

प्रश्न:
माझ्या वडिलांच्या (वय 58) कमरेवर आणि मांड्यांवर सहा वर्षांपासून कोरडे, तांबूस चट्टे आहेत. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुरकुतते. आधी नायटा, मग एक्झिमा समजून उपचार झाले. मलम लावले की चट्टे मावळत आणि थांबवले की पुन्हा उमटत. दोन बायोप्सींतून काही ठोस निघाले नाही. तिसरीचा अहवाल ‘मायकोसिस फंगॉइडिस, पॅच अवस्था’ असा आला आहे. नावावरून आईला ही बुरशी वाटते, डॉक्टर मात्र त्वचेचा लिम्फोमा म्हणतात. वडिलांच्या जिवाला कितपत धोका आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 (त्वचारोगतज्ज्ञ):
ही बुरशी नव्हे. फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी 1806 मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि अळंबीसारख्या गाठींवरून पुढे त्यांनीच हे नाव दिले. प्रत्यक्षात हा लिम्फोमा, म्हणजे त्वचेतल्या टी-पेशींचा (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग आहे. सुरुवातीला या पेशी इतक्या थोड्या आणि एक्झिमातल्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की सूक्ष्मदर्शकाखालीही निदान निसटते. त्यात स्टेरॉइडचे मलम चालू असताना तुकडा घेतला, तर खुणा आणखी पुसट होतात. सावळ्या त्वचेवर हा आजार पांढुरक्या डागांच्या रूपातही येतो आणि कोड किंवा कुष्ठरोग समजला जातो. म्हणून झालेला उशीर कृपया मनाला लावून घेऊ नका.

पुढचे सारे अवस्थेवर अवलंबून आहे. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे त्वचेचा सुमारे 1 टक्का. चट्टे दहा तळहातांहून कमी जागेत असतील आणि लसिकाग्रंथी व रक्त निर्दोष असेल, तर अशा बहुतेक रुग्णांचे आयुर्मान समवयस्कांइतकेच असते. गाठी आल्या किंवा सर्वांग लाल झाले, तर मात्र चित्र गंभीर होते. पेशी केसांच्या मुळांभोवती आहेत का, हेही अवश्य विचारा; तो प्रकार अधिक चिवट असतो.

प्रतिसाद 2:
मला अकरा वर्षांपूर्वी हेच निदान झाले. आठवड्यातून तीनदा, डोळ्यांवर गॉगल लावून, कपाटाएवढ्या यंत्रात नॅरोबँड यूव्हीबी (एका प्रकारच्या अतिनील) किरणांसमोर उभा राहत असे. चट्टे गेले, दोनदा परतले, पुन्हा गेले. आजार समूळ जाईल असे मला कुणी सांगितले नाही, पण मी रोज कामावर जातो. दर महिन्याला त्याच उजेडात चट्ट्यांचे फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज वडिलांच्याच तळहाताच्या मापाने मोजले, साडेसहा भरले. ग्रंथींची आणि रक्ताची तपासणी सोमवारी आहे. केसांच्या मुळांचा प्रश्न कागदावर लिहून ठेवला आहे.