रफार सरकण्याचा बग: तक्रार कशी नोंदवावी

या चर्चेतल्या घोडबंदर रोडच्या सदस्यांनी लिहिले आहे, की लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमधून सोसायटीच्या थकबाकीची यादी पीडीएफ केली की ‘कार्यालय’मधला रफार सरकतो आणि तसे कळवूनही कोणी दखल घेतली नाही. त्यांची नाराजी समजते; पण ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या एका ओळीवरून, नोकरी सांभाळून लिब्रेऑफिसचे दोष तपासणाऱ्या स्वयंसेवकाला आपल्या संगणकावर तो दोष पुन्हा घडवून पाहता येत नाही, आणि जो दोष घडवून पाहता येत नाही तो बहुधा पडूनच राहतो. मदत मेनूतल्या ‘विषयी’ खिडकीतून आवृत्तीची संपूर्ण माहिती कॉपी करून द्यावी, फॉन्टचे नाव लिहावे, आणि सुरक्षित मोडमध्येही (म्हणजे आपल्या सेटिंग्ज तात्पुरत्या बाजूला ठेवून लिब्रेऑफिस उघडल्यावरही) तसेच होते का तेही सांगावे. मूळ यादी मात्र कृपया जोडू नये, लिब्रेऑफिसच्या बगझिलावर, म्हणजे दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, जोडलेल्या फाइली कोणालाही उघडता येतात, त्यामुळे थकबाकीदारांची नावे आणि फ्लॅट क्रमांक (सचिवांची झोप उडेल!) जगजाहीर होतील. त्याऐवजी तो एकच शब्द असलेली नवी फाइल आणि तिची बिघडलेली पीडीएफ पुरेशी आहे. अर्थात, आधी तोच दोष कोणी नोंदवला आहे का ते शोधावे. असल्यास नव्या आवृत्तीत तपासून तिथेच निष्कर्ष लिहावा.