वर्गाचे मृत्युपत्र आणि वर्गाचे भविष्य

शाळा सोडणाऱ्या मुलांविषयी निरोपाच्या वेळी लिहिली जाणारी विनोदी भविष्ये म्हणजे निव्वळ टिंगल, असे एक मत आहे; त्यात थोडी भर घालतो. अमेरिकेतील हायस्कुलांच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वार्षिकांकांत शेवटच्या वर्गाचे दोन मजकूर वारंवार आढळतात: वर्गाचे 'मृत्युपत्र' आणि वर्गाचे 'भविष्य'. त्यांतील 'मृत्युपत्र' मला अधिक सरस वाटते. कारण 'आम्ही पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवीत आहोत' अशा भारदस्त कायदेशीर थाटात मागच्या बाकाची जागा, उशिरा येण्याच्या सबबी किंवा एखाद्याचे न विंचरलेले केस खालच्या वर्गाच्या नावे केले जातात आणि थाट व ऐवज यांतील विसंगतीमुळे परक्या वाचकालाही हसू येते. 'भविष्या'त मात्र काही वर्षांनंतरचा काळ कल्पून अबोल मुलाला सर्कशीत सिंहांपुढे उभे केले जाते, आणि तो मुळात अबोल होता हे ठाऊक नसेल, तर विनोद पोहोचतच नाही. मुलींच्या वाट्याला बहुधा लग्नाचीच भाकिते येत, हे आज वाचताना (निदान मला तरी) खटकते. 'यशस्वी होण्याची सर्वाधिक शक्यता' यांसारख्या, वर्गाच्या मतदानाने दिलेल्या बिरुदांत टिंगल कमी आणि लोकप्रियतेची मोजदाद अधिक असते, म्हणून ती मी वेगळी धरतो.