शेंगदाण्याला बुरशी आलीय, भाजून कूट केला तर चालेल का?

प्रश्न: पावसात डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, दोन किलो शेंगदाणे दमट झाले आणि काहींवर हिरवट-पिवळी भुकटी बसलीय. आई म्हणते खरपूस भाजून घेऊ. पेनिसिलीनपण बुरशीचंच ना, मग एवढं काय होतंय?

उत्तर १: अजिबात नको, टाकून द्या. ती बहुतेक अस्परजिलस फ्लेवस असणार, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष थेट लिव्हरवर जातं, आणि भाजल्याने बुरशी मरते पण विष बरंचसं तसंच राहतं. १९६० ला इंग्लंडमध्ये शेंगदाणा पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तिथूनच हे सापडलं. आपल्याकडे १९७४ ला राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन कावीळ झाली आणि शंभरावर माणसं गेली हो, वाचताना फार वाईट वाटतं.

उत्तर २: पेनिसिलीनची बुरशी वेगळी, आणि ते शुद्ध करून, मोजून देतात. कोलेस्टेरॉलची गोळी लोव्हास्टॅटिन मात्र अस्परजिलस टेरियस बुरशीपासून मिळाली, म्हणजे तुमच्या दाण्यांवरच्या बुरशीच्याच घराण्यातली बरं का.

प्रश्नकर्ता: बापरे. मग शेजारच्या म्हशीला घालू का?

उत्तर १: नाही नाही, ते दुधात उतरतं! अफ्लाटॉक्सिन एम१ म्हणतात त्याला, दूध उकळूनही जात नाही. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, डबा धुऊन कडक उन्हात वाळवा. आणि पुढच्या वेळी सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा आधीच निवडून काढा, विष बहुतेक त्यातच असतं.